लाल चिंध्या
पर्यटकांनी धनेशाच्या घरट्यांखाली गोंगाट करू नये, म्हणून ताईने पाहुणेघराचा जुना लाल पडदा फाडला आणि तिच्या वाटाड्या भावाने घरट्याच्या झाडांना 'इथे शांत राहा' अशी खूण म्हणून त्याच्या चिंध्या बांधल्या. शेवटच्या झाडाला कापड पुरलं नाही, तेव्हा ती हळहळली. "एका झाडाने काय आभाळ कोसळणार आहे?" भाऊ म्हणाला. पिल्लं मोठी झाली असतील म्हणून दोघं बघायला गेली, तर पहिल्याच ढोलीचं, मादीने आत बसून चिखलाने लिंपून घेतलेलं तोंड फोडलेलं होतं. आत ना मादी, ना पिल्लं. नर चोचीत फळ धरून घिरट्या घालत होता. पुढच्या झाडांचीही तीच गत. "चोरांना नेमकी झाडं कळली कशी रे?" भाऊ चिंधीची गाठ सोडत म्हणाला, "आपणच दाखवली, ताई." शेवटच्या झाडावर मात्र नर उतरला. ढोलीच्या फटीतून मादीने चोच काढून फळ घेतलं. इथे कापड पुरलं नव्हतं.