दोघांची सायकल

दोघांनी मिळून चालवायची ती सायकल एवढी लांब होती, की पुढचं चाक घरी पोचायचं तेव्हा मागचं अजून बाजारात भाजी घेत असायचं. म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याने ती सायकल एका नव्या जोडप्याला देऊन टाकली. पोचवायला गाडी भाड्याने घ्यायला आला.

"आजोबा, ही व्हॅन न्या. अख्खी सायकल मागे मावेल," गाडीवाला म्हणाला.

"नको. ती छोटी दे."

"अहो, तिच्यात तुमच्या शेजारची सीट आडवी करावी लागेल. वर सायकलचं पुढचं चाक काढायचं."

"काढ की. माझे सगळे दात काढले, मी मेलो का?"

चाक निघालं. गाडीवाला हँडल आधी आत घालू लागला, तर म्हाताऱ्याने सायकल फिरवली.

"उलटी कशाला?"

 बायको बसायची ती मागची सीट ड्रायव्हरच्या सीटशेजारी येईपर्यंत म्हाताऱ्याने सायकल आत सरकवली. तिच्यावरून पट्टा ओढून नीट लावला.

"जन्मभर बिचारीने माझी पाठच बघितली रे. निदान जाताना तरी शेजारी बसू दे."