बारा महिने, जोडीनं

"पेजवरची ती ओळ काढा, वैनी," जीपमधून उतरता उतरताच शंभूराजनं सांगितलं. "टॅक्सी स्टँडवर कालच ठरलंय. न्हाईतर तुमच्या दारात एक बी गाडी गिऱ्हाईक आणणार न्हाई."

भाड्याच्या खोल्यांच्या फेसबुक पेजवर ती ओळ दीपमालानंच लिहिली होती. 'दोन पुरुष असा, दोन बायका असा, जोडीनं या. बारा महिने खोली मिळेल.' महाबळेश्वरात जिकडंतिकडं 'फक्त फॅमिलीसाठी'च्या पाट्या. आणि फॅमिल्या येणार त्या स्ट्रॉबेरीला, नाहीतर मे महिन्यात. पावसाळ्याचे चार महिने तिच्या तीन खोल्यांत बुरशीशिवाय कुणी राहत नसे. नवरा आसामात ड्यूटीवर. तिनं सहा महिने पुण्या-मुंबईच्या अशा मंडळींच्या गटांना फोन लावले. 'पाऊस लय हाय, पण तुमी कोण म्हणून कुणी विचारणार न्हाई,' हे सांगून सांगून तिचा घसा बसला. आणि भर जुलैत अशी पहिली जोडी आली ती थेट सांगलीहून. धनाजी आणि किरण, दोघंही पंचेचाळिशीचे. वीस वर्षं सोबत, पण प्रत्येक लॉजवर मावसभाऊ म्हणून राहिलेले. आज ते परत निघाले होते.

"ओळ ऱ्हाणार," दीपमाला म्हणाली. "गाड्या नका पाठवू. माणसं मी आणीन वाईच्या एस्टी स्टँडवरनं."

"तुमी? ह्या पावसात, घाटातनं?"

"व्हय. गाडी तुमीच शिकवलीय की."

शंभूराज तिचा चुलतदीर. माणूस वाईट नव्हे. पण टॅक्सी स्टँडचा अध्यक्ष झाल्यापासून स्टँडचं मत तेच आपलं, असं त्याला वाटू लागलं होतं.

पाहुणे बॅगा घेऊन ओसरीवर आले. सगळं ऐकलं असणार, कारण किरण नुसता बुटांकडं बघत होता. पहिल्यांदा आलेल्या जोडीला आहेर केल्याशिवाय दीपमाला सोडत नसे. ती ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. सवयीनं हात गेले होते: नवऱ्याला टॉवेल-टोपी, बायकोला खण, नारळ.

"आता खण कुणाच्या ओटीत घालताय?" शंभूराज म्हणाला.

दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग त्याचा नव्हता, स्वतःचा होता. घसा बसेपर्यंत बोलावलं यांना, आणि ताट मात्र जुनंच लावलं! ती आत गेली. लग्नाकार्यात आलेल्या टॉवेल-टोप्यांची चळत कुणाच्या घरात नसते? त्यातली एक जोडी काढली, खण परत ट्रंकेत टाकला आणि बाहेर आली.

"घाला, भावजी."

पुरुषाला टोपी पुरुषानंच घालायची, अशी रीत. नवरा नसला की घरात हे काम शंभूराजकडं असे. त्यानं खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

"मला न्हाई जमायचं."

"बरं."

तिनं आधी धनाजीच्या डोक्यावर टोपी ठेवली, मग किरणच्या. किरण उंच, त्याला वाकावं लागलं.

"ताई, आहेर आजवर लय झाले," तो म्हणाला, "पण सगळे एकट्याचे."

"फोटो काढू? पेजवर टाकीन. नको असंल तर न्हाई."

"पाठमोरा काढा," किरण घाईनं म्हणाला. धनाजीचं सांगलीत भर पेठेत कापडाचं दुकान होतं.

धनाजीनं टोपी नीट केली.

"समोरनं काढा, ताई. आमच्यासारखे आणखी हायत सांगलीत. कुठं यायचं ते त्यांना कळू दे."

दीपमालानं कॅमेरा लावला. तिनं फोन शंभूराजपुढं धरला. "एवढं तरी करा."

वैनीला एका सकाळी किती वेळा नाही म्हणणार? त्यानं फोन ओढून घेतला. एक डोळा मिटला, मागं सरकला, पाठ भिंतीला टेकली, तरी काही जमेना.

"आवं, वाईच जवळ सरका की!" तो खेकसला. "दोघं मावंनात ह्यात."