फळीवरच्या बाया

सोसायटीच्या हॉलमधले दिवे मालवले आणि घुसखोरीवरचा माहितीपट सुरू झाला. चहाचे कप गोळा करायला आलेली रोशनारा भिंतीला टेकली. पुढच्याच खुर्चीत कानिटकरवहिनी होत्या. त्यांच्याकडे ती पोळ्या करायची.

पडद्यावर नाल्यावरच्या फळीवरून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली. मागून काखेत पोर घेतलेली दुसरी, मग घागर घेतलेली तिसरी. तोंडावर ओढलेले पदर, खाली घुमणारा ढोल, आणि एक जड आवाज सांगत होता, "ते येतच आहेत." रोशनाराही दचकून भिंतीला आणखी चिकटली.

"बघ गं, कशा मुंग्यांसारख्या येतायत," वहिनी शेजारच्या बाईकडे झुकून पुटपुटल्या.

तेवढ्यात रोशनाराला ते पोर ओळखू आलं. शेजारच्या झोपडीतलं होतं ते. मग पदराचा उसवलेला काठही दिसला. त्या सगळ्या बाया म्हणजे ती स्वतःच होती. मागे वस्तीजवळच्या नाल्यावर आलेली शूटिंगवाली पोरं म्हणाली होती, "मावशी, परत एकदा चाला ना, ऊन नीट पडलं नाही. आता हे पोर घ्या. पदर जरा पुढे ओढा." आणि ती नव्या नवरीसारखी लाजत, हसत चालली होती. हसणं तेवढं कापलं होतं.

तिला हसूच फुटलं. सांगायला ती वाकली. "वहिनी, ती बाई..."

वहिनींनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं तोंड असं निरखलं नव्हतं.

"तू मूळची कुठली गं?"

"मुर्शिदाबादची. आपल्याच देशात आहे ते."

"सीमेवरच्या नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते खोटं वाटलं.