दुसरी चूल

"नकाशात दोन चुली आहेत, बाई," नगर कमिटीचा ओव्हरसीयर म्हणाला, "आणि एका परवान्यात एकच चूल बसते. दोन चुली म्हणजे दोन घरे झाली."

देवकाबाई उन्हात उभ्या होत्या. समोर त्यांच्या स्वतःच्या नावाची मोकळी जागा होती आणि तिच्यावर चुन्याच्या फक्कीने आखलेले घर: पडवी, माजघर, दोन खोल्या आणि दोन टोकांना दोन स्वयंपाकघरे. एक त्यांचे, एक त्यांच्या लेकीचे, कमळाचे. बांधकामाच्या परवानगीसाठी त्यांनी अर्ज दिला तेव्हा कचेरीत चुलींचा कोणी उल्लेखही केला नव्हता. आज जागा पाहायला आलेल्या या तरुण माणसाने मात्र नकाशा उघडला आणि इकडेतिकडे न पाहता नेमके कमळाच्या स्वयंपाकघरावर बोट ठेवले.

"हे तुमाले कोनं सांगतलं, साहेब?"

ओव्हरसीयरची नजर रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली गेली. तिथे सावलीत गुणवंतराव उभे होते. देवकाबाईंचे एकुलते चिरंजीव, कमिटीचे मेंबर.

"हरकत माह्यी हाय, माय," ते तिथूनच म्हणाले.

"मग सावलीत काऊन उभा हायेस? हरकत घ्याची त उन्हात येऊन घे."

गुणवंतराव आले, पण विटांच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या बहिणीकडे त्यांनी पाहिले नाही. नवऱ्याने दुसरी बायको आणली म्हणून कमळा गोंडपिपरीहून परतली, त्याला दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून भावाच्या घरी ती सर्वांच्या मागून जेवत होती, भगुण्याच्या बुडाला जी खरवड उरेल ती. देवकाबाई त्याच घरात राहून ते रोज पाहत होत्या.

"तुह्यी चूल राहू दे ना," गुणवंतराव समजुतीने म्हणाले. "कमळी तुह्याच चुलीवर रांधीन. मी काय नाई म्हनतो?"

"आन मी मेल्यावर?"

"तवा घर माह्यं. पन मी काय बहिनीले हाकलून देईन?"

"हाकलत नाई तू. खरवड खाऊ घालतोस."

गुणवंतरावांच्या आवाजातली समजूत तिथेच संपली. "नवा कायदा आला हाय, माय. लेकीले हिस्सा हाय म्हंतेत. त्यात तू तिले अलग चूल मांडून देऊन राह्यली. आपल्यात अलग चूल मांडली का ते घर तिचं झालं, मंग पंच बी तिले उठवत नाई. मले माहीत नाई का हे?"

"तुले माहीत हाय म्हनूनच दोन मांडल्या. माह्यी माह्या मागं तुले, आन तिची तिले."

ओव्हरसीयर कंटाळला होता. मेंबरसाहेबांचे काम लवकर उरकून द्यावे, असे त्याला वाटत असावे. त्याने खिशातली पेन्सिल काढून पुढे केली. "बाई, भांडण घरी करा. ही एक चूल खोडून टाका, मी इथल्या इथे सही करतो. तिथे आपण गोठा दाखवू. गोठ्याला कोणाची हरकत नसते."

गुणवंतराव हसले. कमळाने मान खाली घातली.

देवकाबाईंनी पेन्सिल ओढून घेतली. नकाशा विटांवर पसरला, तळहाताने दाबून धरला, आणि आपल्या स्वयंपाकघरावर अशी रेघ मारली की कागद फाटला.

"अहो बाई, ती तुमची चूल!"

"मले दिसते."

"माय!" गुणवंतराव पुढे झाले. "तू खाशीन कुठी?"

"लेकीच्या चुलीवर."

दिलेल्या लेकीच्या दारी आईबापाने पाणीसुद्धा प्यायचे नाही, ही रीत देवकाबाईंनी अशी कडक पाळली होती की कमळाच्या सासरी जाताना त्या पिण्याचे पाणी घरून नेत. हे मुलाला ठाऊक होते. गावालाही ठाऊक होते.

"लोकं माह्या तोंडावर थुकतीन," गुणवंतराव म्हणाले. आता त्यांचा आवाज चिरकला. "लेक जित्ता हाय आन माय पोरीच्या चुलीवर जेवते म्हनतीन! आन त्या घरात माह्यी चूल कोनती राह्यली मंग?"

"त्याले बी हरकत घे. कमिटीत ठराव पास कर, का मेंबरच्या मायनं पोरीच्या हातचं खाऊ नये म्हनून." मग त्या ओव्हरसीयरकडे वळल्या. "साहेब, मोजा. आता एकच हाय ना? करा सही."

ओव्हरसीयरने मेंबरसाहेबांकडे पाहिले. मेंबरसाहेब खाली पाहत होते. नियम त्यांनीच काढून दिला होता. आता त्याच्याबाहेर जायला वाट नव्हती. त्याने फाटलेल्या नकाशावर सही केली.

"बाजूले हो, गुणवंता," देवकाबाई म्हणाल्या. "तू पडवीत उभा हायेस."

गुणवंतराव फक्कीच्या रेघेबाहेर सरकले. भिंती अजून उठायच्या होत्या, तरी त्यांनी पाय उचलून, उंबरा ओलांडावा तसा, बाहेर टाकला.

देवकाबाई आखलेल्या घरात शिरल्या. दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकघराशी गेल्या आणि तापलेल्या उघड्या मातीवर, पाटावर बसावे तशा, ताठ बसल्या.

"कमळे, पाहून काय राह्यली? मले भूक लागली."