यंदाचा ताप

मागच्या वर्षी फ्लूची लस घेऊन ज्यांना ताप आला, ते यंदा सोसायटीच्या शिबिराकडे फिरकलेच नाहीत. हेमलताबाई मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

"आजी, मागच्या वेळी काही त्रास?" नर्सने विचारलं.

"दोन दिवस ताप होता. मुलगा नाशिकहून धावत आला. मऊभात त्यानेच केला, थोडा करपवलाही." पदर सावरून त्यांनी दंड पुढे केला. "दे."

घरी येताच त्यांनी दोघांपुरते तांदूळ काढून ठेवले. थर्मामीटर उशाशी घेतला.

सकाळी अंगात कणकणसुद्धा नव्हती. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, ताप नाही ना? निघू का?"

त्यांनी पुन्हा एकदा कपाळाला हात लावून पाहिला.

"नाही रे. ठणठणीत आहे मी."

फोन ठेवून त्यांनी अर्धे तांदूळ डब्यात परत ओतले.