मशीन चालू आहे

ओडवारने पोकलेनचं बकेट पुन्हा एकदा खडकावर आपटलं. खोदण्यासारखं तिथे काही नव्हतं. आपटून झालं की तो मान वर करून टेकडीवरच्या पिवळ्या घराकडे बघायचा. खिडकीत त्याची बायको सोलफ्रिद अजून बसलेली दिसत होती.

मशीन नवं, विजेवरचं. बकेटचा लांब दांडा, म्हणजे बूम, खाली येताना तेलाचा दाब ते वाया जाऊ द्यायचं नाही, त्याची वीज करून बॅटरीत परत घ्यायचं. लिव्हरवरचा हात काढला की पंपसुद्धा गप्प. जितकी काटकसर जास्त, तितकं स्क्रीनवरचं झाडाच्या पानाचं चित्र हिरवंगार. मशीन गुणाचं होतं यात वादच नाही, पण ओडवारला त्याचे गुणच नडले होते.

साइटची मुख्य रूना चिखल तुडवत आली.

"कशाला आपटतोयस सारखं?"

"दगड आहे."

"दगड काल फुटला. जेवणाच्या सुट्टीआधीच बॅटरी संपवशील तू. पान बघ, पार पिवळं पडलंय."

ओडवारने पान बघितलं नाही. "मला जुनं डिझेलचं दे. या गल्लीपुरतं. खोदत नाही त्याने, नुसतं बाजूला चालू ठेवतो."

"नुसतं उभं करून डिझेल जाळायचं? अरे, तेच बंद व्हावं म्हणून तर हे आणलं. नगरपालिकेची अट आहे, माझ्या हातात काय आहे?"

खरंच तिच्या हातात काही नव्हतं, आणि तिला सगळं ठाऊकही होतं. सोलफ्रिद दोनदा घराबाहेर भरकटली होती. दुसऱ्या वेळी तर फ्योर्डच्या खाडीवरच्या पुलावर सापडली. पुन्हा गेली तर दाराला कुलूप असतं तसल्या वृद्धाश्रमात तिला ठेवायचं, असं मुलीने बजावलं होतं. मदतनीस बाई सकाळ-संध्याकाळ यायची, ओडवारच्या पेन्शनला अजून एक हिवाळा बाकी होता. म्हणून त्याने याच गल्लीचं काम मागून घेतलं. उन्हाळाभर जुन्या मशीनची घरघर टेकडीवर पोचत होती आणि सोलफ्रिद निवांत खिडकीत बसत होती. नवरा कामावर आहे, एवढं तिला त्या आवाजावरून कळायचं. संसारभर ती त्याच आवाजावर वैतागली होती, हा भाग वेगळा.

रूना गेली. ओडवारने बकेट उचललं, वर पाहिलं. खिडकी रिकामी होती.

ती उतारावरून घरातल्याच चपला घालून येत होती. हातात त्याच्या डब्याची पुडी. ओडवारचा हात लिव्हरवरून सुटला आणि मशीन गप्प झालं. सोलफ्रिद केबिनजवळ येऊन उभी राहिली.

"अहो, इथे मशीनवर माझा नवरा असतो. मशीन बंद पडलंय. त्याला काही झालं का?"

ओडवार खाली उतरला. "मीच आहे गं. बंद नाही पडलं. हे असंच असतं आता."

उगाच समजूत घालणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "चालू असलं की वरपर्यंत ऐकू येतं. मला माहीत नाही का?" ती केबिनच्या आत डोकावली. "आत अडकलाय का तो? त्याचा डबा आणलाय मी."

पुडी सुटली होती. ब्रेडच्या कापांमध्ये घालायचे चौकोनी कागद तिने नीट एकावर एक रचले होते. ब्रेड एकही नव्हता.

त्याने तिचं कोपर धरलं, तिने झटकलं. पुन्हा धरलं, तर ती रडू लागली. पाइपांपाशी उभ्या असलेल्या रूनाने पाठ फिरवली, म्हणजे तिने काही पाहिलं नाही असं झालं. पण समोरच्या घरांत दोन दारं उघडलीच. ओडवारला काय करावं सुचेना. मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला. घर्रर्र. त्याने तो खाली, छातीत उतरवला. थंडीत सुरू होणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनासारखा, जरा खोकत, मग एका लयीत.

सोलफ्रिद रडायची थांबली. कान देऊन ऐकू लागली.

"चालू झालं," ती म्हणाली.

मग तिने कोपर धरू दिलं. दोघं चढ चढू लागले, तो घरघरत, ती त्याच्या बाजूने. वळणावर त्याला दम लागला, आवाज तुटला. तिची पावलं तिथेच थांबली. ती मागे साइटकडे बघू लागली. ओडवारने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

घरी त्याने तिला खिडकीतल्या खुर्चीत बसवलं. तिने पुडी मांडीवर ठेवली, तिच्यावरच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. चेहरा अगदी निवळला होता.

"घाम आलाय तुम्हाला," ती म्हणाली. "बसा, कॉफी घ्या. तो येईलच आता जेवायला. येईल ना?"

ओडवारला हो म्हणायचं होतं, पण त्यासाठी घरघर थांबवावी लागली असती.