कुलूपबंद कलम

नवं संविधान आधीच फुटू नये म्हणून छापखान्यातल्या सगळ्यांचे फोन फाटकावरच काढून घेतले होते, आणि काम संपेपर्यंत कोणाला बाहेर सोडायचं नाही असा हुकूम होता. मुद्रितशोधकाचा आज आत पाचवा दिवस. घरी बायकोचे दिवस भरलेले, सोबतीला कोणी नाही. एकच ओळ तो चारचारदा वाचत होता, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

आणि एका कलमाशी त्याची पेन्सिल थबकली. 'कोणत्याही व्यक्तीस तिच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवता येणार नाही.'

त्याचं डोकंच फिरलं. प्रूफ उचलून तो तडक दाराशी गेला आणि ते पहारेकऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"वाचा! मोठ्याने वाचा, आणि काढा ती किल्ली!"

पहारेकऱ्याने अक्षरांवरून बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

"हे सगळ्यांना लागू आहे, साहेब?"

"सगळ्यांना!"

पहारेकरी खुर्चीवरून उठला, वळला आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागला.

"अरे ए, बाहेरचं कुलूप काढा! पाच दिवस झाले, मलाही घरी जायचंय!"